बोट घर होईल, पत्ता मात्र जमिनीवरच लागतो

*मावशी, नमस्कार. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं नंदगड, सासर निपाणी. यांचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येतं, त्यासाठीचा व्हिसा काढून आम्ही पोर्तुगालला आलो. दक्षिण किनाऱ्यावर लागोसला यांनी परत मायदेशी निघालेल्या एका इंग्रज म्हाताऱ्याकडून चौतीस फुटांची जुनी शिडाची बोट घेतली. बोट मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात असते; आठ महिने झाले, तेच आमचं घर. भाडं वाचतं, असं हे म्हणतात. मला पोहता येत नाही. गादी खालून ओली होते, साड्यांना बुरशी आली. शेजारच्या बोटींवरची, ओळख झालेली दोन्ही जोडपी एप्रिलमध्ये ग्रीसकडे निघून गेली. पोर्तुगीज येत नाही, बाजारात खुणेनं भाजी घेते. सासूबाई रोज फोनवर म्हणतात, भाड्याची का असेना, चार भिंतींची खोली घ्या. यांच्या डोक्यात पुढच्या उन्हाळ्यात मोरोक्को, मग कॅनरी बेटं. मला नको म्हणता येत नाही आणि हवंही वाटत नाही. मी लाडावलेली आहे का? आणि गणपती बोटीवर बसवला तर चालेल का? — एक वाचक, लागोस*

पोरी, लाडावलेली बाई आठ महिने ओल्या गादीवर झोपत नाही. तो प्रश्न इथंच सोडून देऊ.

माझे यजमान मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते, त्यांच्याबरोबर मी मालवाहू जहाजावर राहिलेली आहे. पण ते एक लोखंडी गावच असतं, तुमच्या चौतीस फुटांशी त्याचा संबंध नाही. म्हणून भाचीला फोन लावला. ती आणि तिचा नवरा तुमच्या बाजूलाच, पोर्तीमावला, बोटीवर राहतात. खाली लिहिलेलं निम्मं तिचं आहे, निम्मं माझं. भांडायचं झालं तर माझ्याशी भांड.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. त्यात मरिना आहे, शेजारच्या बोटी आहेत, ओल आहे, नवऱ्याचे बेत आहेत. लागोस गाव मात्र खुणेच्या भाजीपुरतंच आहे. मरिनातली माणसं वाईट नसतात, उलट फार मदतीची असतात. रात्री दोर तुटला तर तिघं धावत येतात. पण ती हवामान बघून येतात आणि हवामान बघून जातात. हिवाळाभर रविवारी धक्क्यावर शेगड्या पेटतात, पुस्तकांची देवघेव होते, आणि एप्रिल उजाडला की एकेक शीड निघून जातं. हे दर वर्षी होणार. सगळा जीव तिथंच लावलास तर दर एप्रिलला रडत बसशील. भाजीवाली, पोर्तुगीज शिकवणारी बाई, दवाखान्यातली नर्स ही माणसं एप्रिलमध्ये कुठं जात नाहीत. ओळखी तिकडे व्हायला हव्यात.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्षभर बोट हलवायची नाही. मोरोक्को पळून जात नाही. एकाच मरिनात वर्षाचा करार करा. महिन्या-महिन्यानं भरण्यापेक्षा तो बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतो, आणि जुलै-ऑगस्टच्या चढ्या दरातूनही सुटता. करार करताना बोटीवर कायम राहायला परवानगी आहे का, ते लेखी घ्या. काही मरिना त्याचे वेगळे पैसे घेतात, काही चालवून घेतात पण लिहून देत नाहीत. चालवून घेणाऱ्यांची मर्जी मॅनेजर बदलला की बदलते.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. पाय टेकायला जमीन हवी, एवढं त्यांचं खरं. चार भिंतींतच ती मिळते, हे खरं नाही. तुमच्या त्या दक्षिण किनाऱ्याच्या पट्ट्यात, अल्गार्वमध्ये, बरेच घरमालक सप्टेंबर ते जून घर देतात आणि उन्हाळ्यात पर्यटकांसाठी रिकामं करून घेतात. म्हणजे खोली घेतलीस तरी जूनमध्ये बोचकी बांधायची. त्यापेक्षा तुमचा बर्थ, म्हणजे बोट बांधायची जागा, पक्का. हे त्यांना असंच सांग, आकड्यांसकट सांग. निपाणीची माणसं हिशोबाला नाही म्हणत नाहीत.

आता कागदपत्रं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण व्हिसा काढला यापलीकडे तुझ्या पत्रात याबद्दल अवाक्षर नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

परदेशातून काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जो व्हिसा सुरू केला, तोच तुमचा असणार. त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं आणि राहायच्या जागेचा पुरावाही. तेव्हा तुम्ही काय पुरावा दिला होता? सुरुवातीला भाड्यानं घेतलेली एखादी खोली असेल. ती सोडून बोटीवर आलात, तर पत्ता बदलल्याचं आयमा या तिथल्या स्थलांतर खात्याला कळवावं लागतं. तिथं राहायच्या परवान्याच्या कार्डाचं नूतनीकरण आलं की पहिला प्रश्न पत्त्याचाच येईल.

तो पत्ता कसा मिळवायचा? आपल्याकडे ग्रामपंचायत रहिवासी दाखला देते ना, तसाच तिथं ‘जुंता द फ्रेगेझिया’ हे सगळ्यात खालचं स्थानिक कार्यालय देतं. त्याला ‘अतेश्तादु द रेझिदेन्सिया’ म्हणतात. त्या भागातल्या दोन मतदारांनी ही बाई इथं राहते म्हणून सही दिली, तर त्यावरही हा दाखला देतात. मरिनाचा करार, विजेची पावती, पासपोर्ट घेऊन जा आणि बोटीवर राहते म्हणून खरं तेच सांग. प्रत्येक जुंताची रीत थोडी वेगळी असते, एकानं मान हलवली म्हणून रडू नको, काय आणू म्हणून विचार. पण बघ, दोन मतदार हवेत. ग्रीसला गेलेली जोडपी इथं कामाची नाहीत. भाजीवाली कामाची. हा दाखला मिळाला की सरकारी दवाखान्यात नाव घालून ‘उतेंत’ म्हणजे रुग्ण क्रमांक घे. नऊ आकडी कर क्रमांक तुझ्या स्वतःच्या नावावर आहे का तेही बघ. नवऱ्याचा आहे म्हणून भागत नाही.

आपल्या बेळगावकडच्या माणसांची एक वेगळीच गंमत आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत ‘बेलगाम’ आणि नंतरच्या पासपोर्टवर ‘बेळगावी’. आपल्याला त्यावरून भांडायची सवय आहे, पण तिथल्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात, आणि जन्मगाव जुळत नाही म्हणून फाईल बाजूला पडते. भाचीची अशी पडली होती. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला नव्यानं, इंग्रजी मजकुरासह काढून घे. नुसत्या कन्नड दाखल्याला तिथं अनुवादक शोधणं म्हणजे जन्माचं काम. मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. हे काम नंदगडला बसलेल्या भावाला लाव. तू तिकडून फोनवर करू बघशील तर पाऊस संपेल.

बोटीचे कागद वेगळे. हा भाग नवऱ्याला वाचून दाखव.

इंग्रज म्हाताऱ्याची बोट ब्रिटनच्या छोट्या नौकांच्या नोंदवहीत असेल, तर ती नोंद विक्रीबरोबर संपली. ती नोंद ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी असते. म्हणजे बोटीच्या मागे अजून ब्रिटनचाच झेंडा फडकत असेल तर तो शोभेपुरता. दुसरी गोष्ट व्हॅटची, तिथं त्याला ‘ईवा’ म्हणतात, पोर्तुगालच्या मुख्य भूमीत तो २३ टक्के आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरची संक्रमणाची मुदत संपली, त्या ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री बोट कुठं होती, यावर बरंच ठरतं. व्हॅट भरलेली बोट त्या रात्री पोर्तुगालच्या पाण्यात असेल, तर ती संघातला माल म्हणून राहिली. इंग्लंडच्या बंदरात असेल तर तो दर्जा गेला. म्हाताऱ्याकडून त्या डिसेंबरची मरिनाची पावती मागून घ्या. असली माणसं पावत्या जपून ठेवतात. आणि तुमच्यातले बरेच जण अठरा महिन्यांच्या सवलतीबद्दल बोलताना ऐकशील. संघाबाहेरची बोट कर न भरता अठरा महिने ठेवता येते, हे खरं, पण ती सोय बाहेर राहणाऱ्या मालकाला आहे. तुम्ही आता रहिवासी आहात. बर्थच्या शेजाऱ्याचा सल्ला त्याच्या पासपोर्टला लागू असतो, तुमच्या नाही. एकदा तिथल्या जहाजी कागदांच्या माणसाकडे बसा, त्याची फी द्या, आणि बोट दोघांच्या नावावर करून घ्या. दोघांच्या. स्वयंपाकघर तुझं आणि बोट त्याची, हे चौतीस फुटांत चालत नाही.

ओलीचं तुला मी काय सांगू! जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो, पापडाच्या डब्याला बुरशी येते, ते सगळं बघून तू मोठी झालीस. फरक एवढाच की बोटीत ओल बाहेरून कमी आणि तुमच्याच श्वासातून, भातातून, चहातून जास्त येते. थंड पत्र्यावर बसते. गादी थेट फळीवर आहे, म्हणून ती खालून भिजते. लाकडी पट्ट्यांची जाळी घालून गादी दोन अंगुळं उचल, हवा खेळली पाहिजे. सकाळी उठल्यावर गादी उभी करायची, खिडक्या पुसायच्या. वरचं झाकण थंडीतही अंगुळभर उघडं. धक्क्यावरची वीज आहेच, तर ओल शोषणारं यंत्र घ्या. पण सोळा अँपिअरच्या जोडणीवर हीटर, किटली आणि इंडक्शन एकदम लावलंस तर खटका पडणार. जुन्या बोटीत बिनधुराड्याचा गॅस हीटर असेल तर तो काढून टाका. किलोभर गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं, शिवाय विषारी वायूची भीती. तू उबेसाठी पेटवतेस आणि सकाळी गादी पिळतेस, असं तर होत नाही ना?

गॅसचंच आणखी एक. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दार-खिडकीतून बराच निघून जातो. बोटीत तो खाली तळात जाऊन साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून बाटलीचा वेगळा कप्पा असतो, त्याच्या तळाला बाहेर पडणारं भोक असतं. ते भोक बुजलेलं नाही ना, एवढं आज बघ. स्वयंपाक झाला की शेगडीचा नॉब आणि बाटलीचा नॉब, दोन्ही बंद. तळाजवळ गॅसची घंटा, झोपायच्या जागेत कार्बन मोनॉक्साईडची घंटा. कुकर वापर, गॅसही वाचतो आणि वाफही कमी. साड्या बोटीवर ठेवूच नको. दोन ठेव, बाकीच्या हवा काढायच्या पिशवीत भरून जमिनीवर कुणाकडे तरी.

पोहायचं. यावर चर्चा नाही. बुडायला तुफान लागत नाही. रात्री एकटी, हातात पिशवी, ओला धक्का, पाय घसरला, पाणी थंड आणि बोटीची कड डोक्याच्या वर. एवढं पुरतं. लागोस परिसरात नगरपालिकेचा तलाव आहे, मोठ्यांचे वर्ग असतात, तिथं नाव घाल. तोवर रात्री धक्क्यावरून जाताना फुगणारं जॅकेट अंगात. दुपारच्या उजेडात नवऱ्याबरोबर फिरून तरंगत्या धक्क्यावरच्या शिड्या कुठं आहेत ते बघून ठेव, आणि तुमच्या बोटीची शिडी पाण्यातून हात वर करून ओढता येते का तेही. मोठ्या भरती-ओहोटीला तिथं पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. भरतीला सपाट असलेला उतरंडीचा पूल ओहोटीला माडीच्या जिन्यासारखा उभा होतो. भाची म्हणते, ती सिलिंडर आणि पाण्याचे कॅन भरतीचं वेळापत्रक बघूनच आणते. पंचांग बघायची सवय आहेच तुला.

इंजिन सुरू करणं, नांगर टाकणं, रेडिओवर चॅनल सोळावर बोटीचं नाव आणि जागा सांगणं, हे तिन्ही तुला आलं पाहिजे. नवरा पाण्यात पडला तर तू काय करणार, हा प्रश्न त्याला जेवताना विचार. घास थांबेल.

रात्री झोप लागत नाही असं तू लिहिलं नाहीस, पण लागत नसणार. वाऱ्याला डोलकाठीवर दोर टणटण वाजतात. रबरी दोरीनं ते बाजूच्या तारेला ओढून बांध. शेजारच्या रिकाम्या बोटीचे वाजत असतील तर मरिनाच्या कार्यालयात सांगून तेही बांध. सगळे बांधतात.

भाषेचं मात्र मला हसू आलं. तू नंदगडची. घरात मराठी, शाळा मराठी, तहसीलमध्ये कागद कन्नडमध्ये, लोंढ्याकडचे पाहुणे आले की कोकणी. खिडकीपलीकडचा माणूस आपली भाषा बोलत नाही आणि काम तर करून घ्यायचंय, हे तुला कुणी शिकवायला नको. सीमाभागात आपण यासाठी मोर्चेही काढतो आणि मोर्चाहून परत येताना बसमध्ये कंडक्टरशी कन्नडमध्ये बोलून सुटे पैसेही घेतो. कन्नड तू वर्गात कमी आणि बाजारात जास्त शिकलीस. इथंही तेच. शिवाय परदेशी रहिवाशांसाठी सरकारचे फुकट वर्ग आहेत, २०२० पासून त्याची नीट योजना आहे, शाळांमध्ये आणि रोजगार-प्रशिक्षण केंद्रांत चालतात. नाव घाल आणि इंग्रजीतून शिकायच्या भानगडीत पडू नको. सरकारी कचेरीत शिरल्या शिरल्या ‘सेन्या’ म्हणजे नंबराची चिठ्ठी घ्यायची, नाहीतर दिवसभर उभी राहशील.

बाजारात नेमकी एक भाजीवाली आणि एक कोळीण धर. त्याच त्याच दिवशी, त्याच वेळी जा. कोथिंबीर मागून सुरुवात कर, ‘कुएंत्रुश’. बाकीच्या युरोपात चार काड्या औषधासारख्या मिळतात, पोर्तुगीज लोक ती आपल्यासारखी मूठभर घालतात, विशेषतः शेजारच्या आलेंतेजूत. ‘मेयु किलु’ म्हणजे अर्धा किलो. ‘कावाला’ हा बांगड्याचा भाऊबंद, स्वस्त आणि तिरफळाशिवायही बरा लागतो. महिन्याभरात ती कोळीण तुला बघून आधीच मासा साफ करायला घेईल. रहिवासी दाखल्याला सही देणारी माणसं इथूनच मिळतात.

सासूबाईंनी ओर्कांचा, म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या मोठ्या डॉल्फिनांचा व्हिडिओ बघितला असेल, तर त्यांना खोटं सांगू नको. २०२० पासून जिब्राल्टरपासून वर स्पेनच्या गालिसियापर्यंतच्या पट्ट्यात ओर्का शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतात, काही बोटी बुडाल्याही. मरिनात त्या येत नाहीत. मोरोक्कोचा रस्ता मात्र त्याच पाण्यातून जातो, हे आणखी एक कारण वर्षभर थांबायचं. आणि रोजचा व्हिडिओ कॉल वारा सुटलेल्या संध्याकाळी करू नको. बाजारातून कर, सकाळी.

नवऱ्याशी भांडायचं कसं? ‘मला नको’ म्हणून नको. त्याला स्वप्न आहे, त्यात वाईट काही नाही, पण स्वप्नाचं भाडं तू भरतेस. त्याला तारीख सांग. पुढच्या वर्षी मार्चअखेर बसून बघायचं: दाखला झाला का, कार्ड झालं का, मला पोहता येतं का, गावात जेवायला बोलवावं अशी दोन घरं आहेत का. असतील आणि तुझी इच्छा असेल तर शीड उभारा. नसतील तर बोट विकायला काढायची किंवा त्याच्या सुट्टीपुरती ठेवायची आणि खोली घ्यायची. हे सगळं करूनही तुला ती बोट आवडली नाही, तर आवडली नाही. कारण द्यायला लागत नाही.

गणपती बसव की! अल्गार्वमध्ये मातीकाम जुनं आहे, पोर्शेस गाव त्यासाठीच ओळखलं जातं. तिथल्या कुंभाराकडून ओली माती मागून बघ आणि हातानंच वीतभर मूर्ती कर. भाजायची नाही, रंगवायची नाही. बसवताना खाली ओलं फडकं आणि चारी बाजूंनी टेकू, कारण शेजारून मोटरबोट गेली की बोट डुलते. समई पेटवलीस तर समोर बसून राहा, नाहीतर बॅटरीचा दिवा लाव, देव रागवत नाही. विसर्जन बादलीत. मरिनाच्या पाण्यात मूर्ती, फुलं, काहीच टाकायचं नाही, मनाई असते. माती विरघळली की ते पाणी भाजीवालीच्या कुंड्यांना घाल, आणि मोदक तिला आणि कोळणीला दोघींना दे. पोर्तुगालात नारळ महाग वाटला तर खवलेला सुका मिळतो, तो आदल्या रात्री दुधात भिजवून ठेव.